भोकाची भूक

"हीपण गिळली!" प्लंबरकाकांनी सीलंटची रिकामी नळी बादलीत टाकली. "मोजपट्टी, यावेळी तुझा हिशेब पार झोपला बघ."

कमरेला कायम टेप लटकलेली असायची म्हणून नव्या इमारतीत सगळे तिला मोजपट्टीच म्हणत. पाइप जिथे भिंतीतून आरपार जातात, तिथली फट आग थोपवणाऱ्या सीलंटने बुजवायची. ते किती लागेल, याचा अंदाज काढणं तिचं काम. भोकाच्या क्षेत्रफळातून पाइपाचं वजा करायचं, उरलेल्याला थराच्या जाडीने गुणायचं. तळमजल्यापासून इथवर अंदाज चुकला नव्हता, आणि आता शेवटचं भोक आ वासून बसलं होतं. दुपारी अग्निसुरक्षेचे तपासनीस यायचे होते.

"काका, माल पलीकडे जाऊ नये म्हणून आत लोकर ठासली होती ना?"

"या हातांनी ठासली. भिंतीला जंत झाले असतील, त्याला मी काय करू?"

दुसरं कुणी असतं तर त्याला घाम फुटला असता. तिला मात्र कोडं पडलं की तहानभूक सुचत नसे. तिने भोक पुन्हा मोजलं, पाइप मोजला. त्रिज्येऐवजी व्यास धरला का, तेही पाहिलं. मग भिंत आतून पोकळ असेल अशी शंका आली, म्हणून कान लावून ठोकून बघितली. भिंत ठणठणीत होती. शेवटी ती वळसा घालून पलीकडच्या खोलीपाशी गेली. दाराबाहेर पाटी होती, 'रंग ओला आहे'.

"भाऊजी, जरा दार उघडता का?"

आत रंग देत होता तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस इतका टापटिपीचा, की पाहुणे उठायच्या आत त्यांच्या खुर्च्या पुसायचा.

"अजिबात नाही! बाहेरची धूळ येईल. संध्याकाळी ये!"

ती हिरमुसून परतली. तोवर काकांनी आणखी एक नळी रिचवली होती. आता काय ते बघायचंच, म्हणून तिने फटीला डोळा लावला.

पलीकडून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

"अगं बाई!" ती मागे सरकली.

"तूच का ती?" भिंतीतून भाऊजींचा आवाज आला. "सकाळपासून माझ्या भिंतीवर पांढरा चिखल ओततेस! खरवडून खरवडून हात दुखले माझे."

"आणि आतली लोकर?"

"लोकर होती होय ती? मला वाटलं, कुणीतरी कचरा कोंबलाय. काढून टाकला."

काकांनी कपाळावर हात मारला. ती मात्र फटीला आणखी चिकटली. "खरवडलेल्या मालाचं काय केलंत?"

"वाया कशाला घालवू? दाराभोवतीच्या फटींतून धूळ येत होती. छान लिंपून घेतल्या. चारी बाजूंनी."

मग आतून दार ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला. जरा जोरात.

"अगं, हे निघत नाहीये!"

तेवढ्यात तपासनीस पोचले. काकांनी त्यांना घाईघाईने दाराशी नेलं. त्यांनी कडेने बोट फिरवलं, खाली वाकून पाहिलं. "वा! इथून धुराची रेघसुद्धा जाणार नाही. कोणी केलंय?"

"आत आहेत ते," काका म्हणाले. "कायमचे."

दोन सुतार पटाशा घेऊन दाराला भिडले. ती अजून भोकापाशीच होती, टेप हातात, डोळे चमकत. जास्तीच्या नळ्या कुठे गेल्या ते आता कळलं होतं. फक्त आकडा जुळायचा होता. दाराची उंची तिला पाठ होती, रुंदीही.

"भाऊजी, एकच सांगा. खोली किती?"

"एकच!" भाऊजी भिंतीपलीकडून ओरडले. "आणि मी तिच्यातच अडकलोय!"

"अहो, ती नव्हे! फटीची!"