डबा रिकामा कसा द्यायचा?

"काळजी करू नकोस, मी सगळं भरून ठेवलंय," सुचेताने लेकीला फोनवर सांगितले. शाल्मली कार्डिफ स्टेशनच्या फलाटावर उभी होती.

"काय भरून ठेवलंयस?"

"डबे गं. दुसरं काय?"

शाल्मलीचे आर्ट स्कूलमधले एम.ए. संपत आले होते आणि प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस होता. ग्लासगोच्या एका गॅलरीच्या हेलन प्रायरबाई परीक्षक म्हणून यायच्या होत्या. त्या ज्याला निवडतील त्याला ग्लासगोत वर्षभर स्टुडिओ, राहायची सोय आणि शेवटी स्वतःचे स्वतंत्र प्रदर्शन मिळणार होते. निवड झाली नाही, तर सोमवारपासून कौन्सिलच्या पार्किंग खात्यात नोकरी. तसा शब्दच तिने वडिलांना देऊन ठेवला होता. डॉक्टर जयंत हाडांचे सर्जन. मराठी मंडळात कुणी लेकीची चौकशी केली की ते "डिझाइनमध्ये आहे" एवढे बोलून चटकन समोरच्याच्या गुडघ्यांकडे वळत.

प्रायरबाईंची ट्रेन तासभर लेट होती. त्यांना घ्यायला यायची विनंती शाल्मलीने आपल्या शिक्षिकेला, ग्वेनला केली आणि स्वतः प्रदर्शनाच्या हॉलकडे धावत सुटली.

घोटाळा नीट कळायला ते डबे काय होते हे सांगायला हवे. साऊथ वेल्समधल्या मराठी डॉक्टरांच्या बायका पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा बॅगांमधून स्टीलचे डबे घेऊन आल्या होत्या. मेतकुटाचे, चिवड्याचे, लाडवांचे. प्रत्येकावर नाव कोरलेले. पुढे घरोघरी प्लॅस्टिकचे डबे आले आणि हे गॅरेजमध्ये जाऊन बसले. शाल्मलीने ते गोळा करून त्यांची भिंत रचली आणि तिला नाव दिले 'रिकामे'. बघणाऱ्याने झाकण काढून आत डोकावायचे, तर तळाच्या स्टीलमध्ये स्वतःचाच पुसटसा चेहरा दिसायचा. ग्वेनच्या मते यंदाच्या वर्गातले हे सगळ्यात सरस काम होते.

शाल्मली हॉलमध्ये पोचली तेव्हा सुचेता ठेवणीतली साडी नेसून मंडळातल्या लीलावतीकाकूंच्या डब्यात शेवटचे लाडू भरत होती. जयंत गाडीतून आणलेल्या, आता रिकाम्या झालेल्या पिशव्यांच्या घड्या घालत होते. सगळ्या हॉलला बेसनाचा खमंग वास सुटला होता.

"आई, ते रिकामे हवे होते. रिकामे असणं हाच तर पॉइंट आहे."

"तुझा पॉइंट तुझ्यापाशी. डबे मी मागून आणलेत, माझ्या शब्दावर. आज सगळेजण इथूनच घरी नेणार ना? मग लोकांचा डबा रिकामा परत द्यायचा? काय म्हणतील?"

लहानपणी शेजारच्यांचा डबा परत द्यायला शाल्मलीच जायची आणि त्यात काही ना काही घातल्याशिवाय आईने तिला कधी दाराबाहेर सोडले नव्हते. पण परीक्षक तासाभरात येणार होत्या. तिने कचऱ्याची मोठी काळी पिशवी उघडली. सुचेता डब्यांसमोर आडवी उभी राहिली.

"अन्न टाकायचं नाही. मग भले ते ग्लासगो राहिलं तरी चालेल."

ग्लासगो राहून चालणार नव्हते. टाकायचे नाही, परत पिशव्यांत भरायला सुचेता तयार नाही, तेव्हा एकच जागा उरली, ती म्हणजे माणसांची पोटे. शाल्मलीने आजूबाजूला पाहिले. टोस्टवर दिवस काढणारे शिल्पकलेचे विद्यार्थी होते, त्यांचे आईवडील होते, दारावरचा सिक्युरिटीवाला होता. आणि तेवढ्यात डबे न्यायला मंडळाची माणसेही येऊ लागली.

मग त्या हॉलमध्ये जे झाले ते कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हते. आयुष्यभर आग्रहाला वैतागलेली शाल्मली स्वतः आग्रह करत सुटली. एका वेल्श आजोबांनी "नो, थँक यू" म्हटले. त्याचा अर्थ 'अजून दोन वाढा' असा होतो हे तिला रक्तातूनच ठाऊक असावे. जयंत तर लग्नघरातल्या यजमानासारखे फिरू लागले. सिक्युरिटीवाल्याला चौथा लाडू देताना ते त्याला अभिमानाने सांगत होते, "माय डॉटर्स आर्टवर्क." हे शब्द त्यांच्या तोंडून शाल्मलीने प्रथमच ऐकले. तिने त्यांच्या हातात आणखी एक डबा दिला.

डबे रिकामे झाले. शाल्मलीने एका डब्यात डोकावून पाहिले. तळाला तेलाचा ओघळ होता, कढीलिंबाचे पान होते, पण चेहरा दिसत नव्हता. मागे वळून बघते तो सुचेता डबे घासायला पदर खोचून निघालेली.

त्याच वेळी ग्वेनबरोबर हेलन प्रायरबाई आत आल्या.

त्या थेट डब्यांच्या भिंतीकडे गेल्या. एकेक झाकण काढायचे, वाकून बघायचे, वास घ्यायचा आणि पुढे जायचे. लीलावतीकाकूंच्या डब्यात तेवढा एक लाडू शिल्लक होता. डबा अगदीच मोकळा नको, म्हणून सुचेताने मागे ठेवलेला.

"हा असा काय?" त्यांनी विचारले.

परंपरा, स्थलांतर, स्मृती असे तीन जड शब्द शाल्मलीच्या जिभेवर आले होते. पण आई बाजूला घासणी घेऊन उभी होती, आणि तिच्यासमोर खोटे बोलणे तिला लहानपणापासूनच जमत नसे. तिने खरे ते सांगितले. डबे मी रिकामे ठेवले होते, आईने भरले, आणि आत्ताच सगळ्यांनी मिळून खाल्ले.

प्रायरबाईंनी लाडूकडे पाहिले, मग सुचेताकडे. सुचेताने मान डोलावून "ईट, ईट" म्हटले. त्यांनी उभ्या उभ्या तो लाडू संपवला.

संध्याकाळी ग्वेनने निकाल जाहीर केला. शाल्मली ग्लासगोला जाणार होती. नुसता रिकामा डबा मी खूपदा पाहिलाय, प्रायरबाई म्हणाल्या, पण आत्ताच रिकामा झालेला पहिल्यांदा पाहिला. शाल्मलीने ग्वेनला उचलून गोल फिरवले. जयंतांनी दिसेल त्याच्याशी हस्तांदोलन केले आणि गुडघ्यांचा विषयसुद्धा काढला नाही. एकट्या सुचेताचा चेहरा उतरलेला होता, कारण डबे आहेत तसे, न घासता ग्लासगोला पाठवायचे ठरले होते. मंडळाने हसत परवानगी दिली, तरी तिचा जीव काही केल्या मानेना.

लीलावतीकाकूंचा डबा मात्र प्रायरबाई फोटो काढायला म्हणून आधीच बरोबर घेऊन गेल्या होत्या. आठवड्याने तो पोस्टाने घरी आला. सुचेताने हलवून पाहिला, मग उघडला. आत घरी भाजलेली शॉर्टब्रेड बिस्किटे होती, खाली कागद घालून नीट रचलेली.

सुचेताने एक बिस्किट मोडून तोंडात टाकले.

"चांगल्या घरातली दिसते हो बाई," ती म्हणाली आणि उठून तिने कढई गॅसवर चढवली.

शाल्मली बॅग भरता भरता स्वयंपाकघराच्या दाराशी आली. "आई, ग्लासगोचा शो माझा आहे. या वेळी मला आधी विचारशील?"

"विचारतेच आहे," सुचेता म्हणाली. "चिवडा तिखट करू की बेताचा?"