हूं म्हणा की, सर!

मडावी सरांच्या खोलीवर चहा हवा असेल तर आधी डोळ्यांवर डबा चढवून घ्यावा लागतो. डबा म्हणजे त्यांचा व्हीआरचा चष्मा. घातला की माणूस लातुरातून थेट किनवटच्या जंगलात. मान वळवाल तिकडं साग, आणि समोर घोंगडीवर एक म्हातारी. ती गोंडीत गोष्ट सांगते, खाली मराठी अक्षरं उमटतात.

"हूं म्हणा की, सर!" मडावी मागून ओरडतात. "नुसतं बघून काय राहिलात?"

त्यांच्या गावाकडं रीतच तशी. सांगणारा एक वाक्य सांगणार, ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं, मगच पुढचं वाक्य.

आम्ही दोघं एकाच क्लासमध्ये शिकवतो. ते केमिस्ट्री, मी बायोलॉजी. हा बाबा मोल कन्सेप्ट शिकवतानाही वाक्यावाक्याला थांबतो. पोरांनी हूं म्हटल्याशिवाय खडू हलत नाही. पालकांनी तक्रार केली, क्लासच्या मालकांनी बोलावून झापलं. मडावी खाली मान घालून प्रत्येक शिवीला आदबीनं "हूं" म्हणत होते. मालक आणखीच पेटले!

एकदा घरमालक काकांना त्यांनी डबा चढवला. काका औशाकडचे, भूकंपात घर गेलेले. शूटिंग करताना काठीवरचा कॅमेरा वाऱ्यानं जरा डुलला होता, तेवढंच निमित्त. "हलायलंय! बाहेर पळा!" काका डब्यासकट अंगणात. आम्ही हसलो. मग पायरीवर बसलेले काका डबा न काढताच घरच्या एकेकाला हाका मारू लागले, आणि हसू तिथंच विरलं.

मी नेहमी अर्ध्यातच डबा काढायचो. च्यायला, चहासाठी किती जंगल बघायचं? पण एका रविवारी दुपारी शेवटपर्यंत बसलो. गोष्टीतली बहीण मोहाच्या झाडात अडकलेली, भाऊ तिला शोधत येतो, झाडाला हाक मारतो. आणि म्हातारी थांबली. इकडं बघितलं, मागं वळून बघितलं. अक्षरं उमटली : "आहेस का रे? ऐकून राहिलास का?" मग तिनं घोंगडी गोळा केली आणि उठून गेली.

"अहो, पुढं काय झालं?"

"मला काय ठावं?" मडावी स्टोव्हकडं बघत म्हणाले. "माय हाय ती माझी. ह्या कॅमेऱ्यात चहूकडचं येतं, सर. जवळ बसलो असतो तर मी बी दिसलो असतो. म्हणून खडकामागं लपलो. हूं म्हणलो असतो तर आवाज बिघडला असता. गप राहिलो."

"नंतर विचारायचं ना!"

"म्हणली, दिवाळीला ये, सांगते. दिवाळीत आपली टेस्ट सिरीज. होळीला जाईन म्हणलो, तवर ती राहिली न्हाई."

"लहानपणी ऐकली असेल की."

"आश्रमशाळेत होतो. सुट्टीत सांगायची, पण झाडापाशी येईस्तोवर मला झोप लागायची. तिच्या माहेरची गोष्ट, गावात दुसऱ्या कुणाला येत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. मी चहा गाळायला घेतला. मडावींनी डबा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

"हूं," ते म्हणाले. थांबले. पुन्हा, "हूं." मग एकदम मोठ्यानं, पार गल्लीत ऐकू जाईल असं, "हाव माय, हितंच हाय! हूं!"

कप हातात धरून मी उभाच होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी डबा काढला, डोळे पुसले आणि चहा घेतला.

"आज बी उठून गेली," ते म्हणाले.