शकुमावशींनी लावलेला कंस

नीलमची चारला ऑफिसात परीक्षा होती. पास झाली तर वेबसाइटच्या टीममध्ये कायम, नाहीतर कंत्राट खल्लास. सेहेचाळिसाव्या वर्षी जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या या बाईने बाकी सगळं पचवलं होतं, एक कॉलबॅक, म्हणजे आधी सोपवून ठेवायचं आणि वेळ आली की मशीनने करायचं काम, तेवढा घशात अडकलेला. फॉर्ममध्ये नाव भरून बटण दाबलं की त्या नावाने आभार मानायचे, एवढंच काम. पण तिचं पान उघडल्या उघडल्याच म्हणायचं, 'धन्यवाद, अनडिफाइन्ड!' म्हणजे नावाचा पत्ताच नाही.

"मशीन फारच सभ्य आहे," भीमराज म्हणाला. या नवऱ्याला बायकोची खात्री दांडगी. सकाळीच शेजारच्या शकुमावशींकडे पेढ्यांचा डबा देऊन सांगून आला होता, "संध्याकाळी नीलमचा फोन आला की बिल्डिंगमध्ये वाटा. कशाचे ते तीच सांगेल."

अकराला बिल्डिंगमधल्या चंपाकाकू दारात. "अभिनंदन गं! कितवा महिना?"

"कसला महिना?"

"लाजतेस काय? पेढे खाल्ले की आम्ही! कशाचे विचारलं, तर शकु म्हणे, फोन आला की कळेल. आम्ही काय ते समजलो."

"काकू, जुळं आहे!" भीमराज आतून ओरडला.

पंधरा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरून पाळणा आला.

नीलम तणतणत शकुमावशींकडे गेली. "मावशी, फोन आल्यावर वाटायचे होते ना?"

"डबा हातात पडला, वाटून टाकले. काम कशाला लटकत ठेवायचं?"

"आणि कशाचे ते नको सांगायला?"

"ते तू फोनवर सांगणार होतीस. फोनच नाही, तर मला काय स्वप्न पडणार?"

 नीलम उलट पावली घरात पळाली. तिनेही आभाराचं फंक्शन नुसतं बटणाच्या हातात द्यायचं सोडून त्याच्या नावापुढे कंस लावून, म्हणजे 'आत्ताच चालव' असा हुकूम देऊन, तिथल्या तिथे पळवलं होतं! आणि आभार कोणाचे, ते नाव तर फॉर्म देणार होता, बटण दाबल्यावर. तिने कंस खोडला, नाव भरलं, बटण दाबलं.

'धन्यवाद, शकुमावशी!'

सहाला ती पास होऊन आली, ती थेट मावशींच्या पायाशी वाकली.

"अगं, मी काय केलं?"

"तुम्ही चुकलात मावशी! म्हणून मला कळलं."

मावशींचे डोळे भरून आले. सत्तर वर्षांत त्यांच्या चुकीला कोणी नमस्कार केला नव्हता. नीलमच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "पुढची परीक्षा कधी आहे, सांगून ठेव हो. काय चुकवायचं ते मी बघते."