यंत्राचा आग्रह

टांटा शहरातल्या हाजी बयूमींच्या कारखान्यात काहक, म्हणजे ईदची बिस्किटं, डब्यांत भरणारा पोलादी हात आला, तेव्हा त्याला शिकवायचं काम इनसाफकडेच आलं. सव्वीस वर्षं ती डबे भरत होती. तुपात मळलेला, पिठीसाखरेत घोळलेला काहक जरा दाबला तरी भुगा होतो; पण इनसाफच्या हातून एकही फुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. यंत्र शिकलं की ईदनंतर तिला घरी बसवायचं, असा हाजींचा बेत होता. तो त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता, त्यामुळे साऱ्या कारखान्याला ठाऊक होता.

शिकवण्याची रीत सोपी होती. यंत्राच्या मनगटाचा दांडा धरून इनसाफने नेहमीसारखा डबा भरायचा. यंत्र ते सगळं लक्षात ठेवणार.

"मुद्दाम चुकीचं शिकव," शेजारच्या टेबलावरची नगात कुजबुजली. "पाच-पन्नास फुटले की जाईल भंगारात."

"माझ्या हातचं म्हणून फुटके डबे पाठवू? जीभ झडेल तुझी!" इनसाफ म्हणाली. रात्रभर रडून आली होती, पण शिकवलं मात्र मन लावून.

रमजानला अजून दोन दिवस होते. समोर इंजिनियर वाएल सकाळपासून उपाशी उभा होता. डबा भरून झाला आणि इनसाफला राहवेना. दांडा हातात होताच. तिने यंत्राच्याच बोटांनी एक काहक त्याच्यापुढे केला.

"घे पोरा. तोंड बघ कसं सुकलंय."

"नको खाला, आत्ताच खाल्लंय."

हात मागे गेला, पुन्हा पुढे आला. "घे म्हणते ना!"

"खरंच नको."

तिसऱ्यांदा पुढे आला तेव्हा वाएलने घेतला. पहिल्यांदाच घेतला असता तर हावरट ठरला असता, आणि दोनदाच विचारून ती थांबली असती तर कंजूष ठरली असती.

रमजानच्या सहाव्या दिवशी परीक्षा ठरली. दुपारच्या नमाजापर्यंत तीनशे डबे, न थांबता. जपमाळ घेऊन हाजी बयूमी स्वतः यंत्रासमोर उभे राहिले. रोजाच्या बाबतीत हाजी असे कडक, की कुणाच्या ओठांना ओल दिसली तरी चौकशी करीत.

पहिला डबा देखणा भरला. मग यंत्राने आणखी एक काहक उचलला, वळलं, आणि तो थेट हाजींच्या नाकाखाली धरला.

"हे काय?"

"ते... घ्या म्हणतंय, हाजीसाहेब," वाएल पुटपुटला.

"माझा रोजा आहे," हाजी यंत्राला म्हणाले.

हात मागे गेला, पुन्हा आला.

"अरे, रोजा आहे म्हणतो ना!"

तिसऱ्यांदा आला आणि तिथेच थांबला. मागचा पट्टा मात्र थांबला नव्हता. काहक येत होते, साचत होते, जमिनीवर पडत होते. बायका पदरासारखे एप्रन पसरून धावल्या.

"बंद कर ते!"

"बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून! कुणीतरी घेतल्याशिवाय बोटं सोडत नाहीत."

"मग तू घे की!"

वाएलने घेतला आणि खिशात टाकला. डबा भरला, दुसरा आला. आठव्या डब्याला त्याचे खिसे भरले आणि पँट पांढरी झाली. खिसे रिकामे करायला तो बाजूला झाला, तशी हाताने पुन्हा हाजींची विचारपूस सुरू केली.

"हे असलं शिकवलं कुणी?" हाजी कडाडले.

सगळे इनसाफकडे पाहू लागले. ईदपर्यंतची नोकरीही आता आजच जाणार, हे तिला दिसलं.

"मीच, हाजीसाहेब. माझ्या हातात काहक आणि समोर उपाशी माणूस. काय करणार होते मी?"

हाजी तिच्यावर तुटून पडायला वळले. तेवढ्यात हात तिसऱ्यांदा आला. साठ वर्षांची सवय ती. तिसऱ्या आग्रहाला त्यांचा हात आपोआप पुढे गेला. रागाच्या भरात काहक घेतला, तोंडात टाकला, चावलासुद्धा.

"अगं, तुला काही अक्कल..." ते म्हणाले आणि मिशीतून साखर उडाली.

नगातने डोळ्यांवर एप्रन ओढून घेतला.

इनसाफ हळूच म्हणाली, "विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही, हाजीसाहेब. देवानेच भरवलं म्हणायचं."

हाजींनी मिशी पुसली. "देवानेच!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आणि देवाने ज्या हाताने भरवलं त्याला नावं ठेवणार कशी? "या हातात कुणी काही बदल करायचा नाही!"

"पण मग समोर घ्यायला एक माणूस लागेल," वाएल म्हणाला.

"मग बसव! न फोडता घेणारं कोण आहे आपल्याकडे?"

इनसाफचं टेबल तेच राहिलं, पगारही तोच; खुर्ची तेवढी पलीकडे गेली. यंत्राने दिलेला काहक घ्यायचा आणि पुढच्या डब्यात ठेवायचा. माणूस वाचवायला आणलेल्या यंत्रासाठी एक माणूस कायमचा नेमला गेला. वाएलने अहवालात तसं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घाम पुसत आला.

"खाला, हात पुढे आला की लगेच घेत जा ना! दर डब्याला दोन फेऱ्या फुकट जातात."

तेवढ्यात हात आला. "नको रे राजा, राहू दे," इनसाफ त्याला म्हणाली आणि वाएलकडे वळली. "पहिल्यांदाच घेऊ? काय म्हणेल तो मला?"