घोंगडी पांघरलेली म्हैस

किन्हीराजा गावचे जानराव आपल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून हिवाळा सांगत. दिवाळी सरता सरता तिची लव दाट आली तर थंडी कडाक्याची, विरळ आली तर बेताची, असा त्यांचा हिशेब. गावात रेडिओ यायला अजून बरीच वर्षं होती, त्यामुळे पंचक्रोशीची भिस्त या म्हशीवरच. गहू किती पेरायचा, ते लोक तिच्या पाठीवरून ठरवत. रिसोडचे कापडवाले पन्नालालसुद्धा घोंगड्या किती मागवायच्या ते विचारायला गाडी जुंपून येत. वर्षभर जानरावांचं घरात कोणी ऐकत नसे, म्हणून हा एक मानाचा दिवस त्यांना जिवापाड प्यारा.

यंदा त्या सकाळी ते फेटा बांधून, घोंगडी पांघरून ऐटीत गोठ्यात गेले आणि दारातच थिजले. म्हैस चकचकीत भादरलेली. अंगावर औषधालाही केस नाही.

"काहून भादरली इले?" त्यांनी कसंबसं बायकोला विचारलं.

"उवा झाल्या होत्या. कवाची सांगून राह्यली तुमाले," मनकर्णाबाई शेण उचलता उचलता म्हणाल्या. "तुमचं ध्यान फेट्यात."

अंगणात लोक जमू लागले होते. आता अब्रू जाते, असं जानरावांना वाटलं. त्यांनी अंगावरची घोंगडी ओढली आणि म्हशीला पार शेपटीपर्यंत गुंडाळून टाकलं.

पहिले आत आले ते शेजारचे उकंडराव. बाहेर लख्ख ऊन आणि म्हशीच्या अंगावर घोंगडी! त्यांचा चेहराच उतरला. "आतापासूनच म्हशीले घोंगडी? म्हंजे यंदा मरनाचं हीव हाय."

"हात नका लावू कोनी," एवढंच जानराव बोलले. ते तरी बिचारे टकली पाठ दिसेल म्हणून बोलले, पण लोकांनी त्याचा भलताच धसका घेतला.

झालं! लोकांनी गहू वाढवला. पन्नालालनी गाड्या भरभरून घोंगड्या आणल्या, त्याही पुरल्या नाहीत, कारण प्रत्येकाला एक स्वतःला हवी आणि एक म्हशीला. जानराव स्वतःसाठी घ्यायला गेले तेव्हा दुकान रिकामं. म्हशीवरची काढावी, तर उकंडराव रोज सकाळी येऊन बघून जात. ती निघाली की थंडी सरली, असं सगळ्यांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं.

आणि पौषात थंडी खरोखरच पडली, तीही हाडं गोठवणारी. जानरावांचं नाव झालं, सारा गाव गुराढोरांसकट उबेत निजला, आणि कुडकुडले एकटे जानराव. त्यांनी बायकोच्या गोधडीचं टोक हळूच ओढून पाहिलं.

"साऱ्या दुनियेले सांगतलं हीव येनार म्हून," मनकर्णाबाईंनी गोधडी आवळून घेतली. "मंग आपल्यापुरती एक घोंगडी नाई ठेवावी?"

जानराव उठून गोठ्यात गेले आणि म्हशीला चिकटून तिच्याच घोंगडीत शिरले. बऱ्याच दिवसांनी त्यांना झकास झोप लागली, इतकी की सकाळी उकंडराव आले तरी ते घोरतच होते.

उकंडराव तसेच उलट्या पावली पळाले. खुद्द जानराव गोठ्यात निजायला गेले, तर पुढचे आठवडे काही खरे नाहीत! दिवस मावळायच्या आत गावातल्या यच्चयावत पुरुषांनी आपापल्या बाजा गोठ्यात नेल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाया एरवीपेक्षा फारच टवटवीत दिसत होत्या. निघताना उकंडरावांची बायको तुळसाबाई मनकर्णाबाईंच्या कानाशी लागली.

"बाई, होळीपावतर म्हशीची घोंगडी काढू नका देऊ त्याईले."