धुराची भट्टी विझविल्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं एका दौलतीत जें वर्तमान गुदरलें तें यथामति लिहितों. गोड करून सांगावें ऐसें यांत कांहीं नाहीं. दौलतीत प्लास्टिकाच्या गाद्या-उशा होत. प्लास्टिक चुलाणावर वितळवून त्यांत निराळ्या भट्टींतला विषारी वायू फुंकीत, म्हणजे तें भोकाभोकांचें होऊन मऊ पडे, आणि त्या वायूचा धूर गांवभर पसरे. रखमाजी ओतारी भट्टीवरचा मुख्य. त्याची बायको तानूबाई खोकून खोकून अर्धी जाहली. मग रखमाजीनें मनीं धरिलें कीं भट्टी विझविल्याविना स्वस्थ बसणें नाहीं, आणि वितळल्या प्लास्टिकांत वायूऐवजीं मीठ कालविलें, आणि गार जाहल्यावर पाण्यांत भिजत घातलें, आणि मीठ विरघळलें, त्याचे जागीं छिद्रें राहिलीं. खारें पाणी वाफ्यांत उन्हानें आटवून तेंच मीठ पुन्हां घ्यावें ऐसी तजवीज केली. महाराज बहुत संतोष पावले आणि भट्टी विझवविते जाहले. पहिली उशी रखमाजीनें तानूबाईस दिधली. बाईस झोंप लागों लागली.

मग दसरा आला, आणि कारभारी गंगोबा यांस हत्ती मिरवावयास मैदान पाहिजे, तों नेमके वाफे आडवे आले. म्हणाले, "बुजवा वाफे. पाणी द्या नदींत सोडून." रखमाजी म्हणाला, "सरकार, नदी खारी होईल." गंगोबा हंसले, "अरे, मीठच कीं तें! रोज आमटींत घालतोस, तेव्हां कोण मरतो? कां पुन्हां भट्टी पेटवूं?" भट्टीचें नांव ऐकतांच रखमाजीनें कुदळ घेतली, आणि वाफ्यांचा पाट नदीकडे फोडिला. हेंच चुकलें.

होळीपावेतों खालच्या अंगाच्या विहिरी मचूळ जाहल्या, पानमळे करपले, आणि रयत तांब्या भरून दरबारीं आली. महाराजांनीं घोट घेतला आणि थुंकिला. गंगोबा पुढें होऊन म्हणाले, "हा मिठाचा प्रताप, महाराज. धूर बरा, वर निघून जातो." रखमाजी वाफ्यांचें सांगूं लागला, परंतु ऐकतो कोण? पाट फोडणारा हात त्याचाच. मग हुकूम जाहला, आणि भट्टी पेटवावयास रखमाजीसच उभें केलें. घरीं येतांच तानूबाईस त्याच्या अंगरख्याचा वास आला. "पेटली का हो?" इतकेंच म्हणाली. त्यानें अंगरखा काढून दाराबाहेर टाकिला.

एवंच, धूर परत आला आणि विहिरी कांहीं गोड जाहल्या नाहींत. तानूबाई त्याच मऊ उशीवर डोकें ठेवून खोकत असे, आणि रखमाजी उशाशीं बसून ऐकत असे. घडलें तें लिहिलें.