तटस्थ माणसाचा फोटो

आमच्या संस्थेचं काम डोळ्यांचं. म्हाताऱ्या माणसांचे डोळे फुकट तपासायचे आणि त्यांना चष्मे द्यायचे. मी तिथला कारकून. एकाचा चष्मा दुसऱ्याला गेला की होणारी भांडणं मिटवणं हे माझं मुख्य काम (चष्मे वाटायचं कामही माझ्याकडेच आहे). त्यामुळे निवडणूक जवळ आल्यावर आमच्या मॅडमनी "या वेळी आपण लोकांना मतदानासाठी घराबाहेर काढायचं" असं जाहीर केलं, तेव्हा मी निवांत होतो. मॅडमनी ते काम माझ्याकडे दिलं.

मॅडम पूर्वी मोठ्या हॉस्पिटलात मुख्य नर्स होत्या. त्यांच्यासमोर उभं राहिलं की न सांगता जीभ बाहेर काढून दाखवावीशी वाटते. त्यांचा नियम एकच. मतदान कधी, कुठे आणि कसं, हे सगळ्यांना सांगायचं. कुणाला, हे कुणालाच सांगायचं नाही.

"आपण एका बाजूला झुकलो असं कुणाला वाटलं, तर संस्थेची मान्यता जाईल," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या आधी तुम्ही जाल."

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. घरी आई, बायको, आणि मला जाहिराती बघून वस्तू आणायची सवय, असा एकंदर संसार होता. नोकरी गेली असती तर मी कुठे तोंड दाखवणार होतो?

आता आमच्या भागातले म्हातारे मतदानाला जात नाहीत, त्याचं कारण राजकारणाचा कंटाळा नव्हे. दिवसभर ते दुसरं काही बोलतच नाहीत. त्यांना भीती वाटते. खोली सापडली नाही तर, शिक्का भलतीकडे बसला तर, मागचा माणूस हसला तर. म्हणून मी ठरवलं की एका रविवारी सरावाचं मतदान घ्यायचं. मतपत्रिका खोटी, पेटी खोटी, शिक्का खरा. मॅडमना कल्पना आवडली. त्याच क्षणी मी आजारी पडायला हवं होतं.

अडचण आली ती मतपत्रिकेवर छापायचं काय, याची. रंग वापरावे तर एकही रंग मोकळा उरलेला नाही. चित्रं छापावी तर घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या उमेदवाराने पळवलेली. मी स्वयंपाकघरात उभा राहून एकेक भांडं उचलून बघत होतो, तेव्हा आईने विचारलं, काय हरवलंय? मी म्हणालो, कुणाच्याच बाजूची नसलेली, कुणाच्या लक्षातही न राहणारी अशी एखादी गोष्ट हवी आहे.

"मग आरशात बघा," बायको म्हणाली.

तिने टोमणा मारला होता. मला ती सूचना वाटली.

कपाटात माझा एक फोटो होता. त्यात मी नुकताच तापातून उठल्यासारखा दिसतो (तेव्हा मला ताप नव्हता). मतदान म्हटलं की दुसरा उमेदवार हवा, म्हणून शेजारी बायकोचा फोटो लावला. तिला विचारलं नाही. आश्चर्याचा सुखद धक्का देऊ म्हटलं. मग तशाच छापाची पोस्टर्स काढून मी जिन्याजिन्यात, दुकानादुकानांत चिकटवली: रविवारी संस्थेच्या हॉलमध्ये मतदान, दोघांपैकी एकाला निवडा. 'सराव' हा शब्दही होता. पण फोटो मोठे केल्यामुळे तो अगदी खाली, मुंगीएवढा गेला. चष्म्यांच्या संस्थेच्या कारकुनाला हे सुचायला हवं होतं.

माझी बायको घरी कपड्यांचं अल्टरेशन करते. अख्ख्या भागाच्या पँटी तिच्या हाताखालून जातात. त्यामुळे "वहिनी निवडणुकीला उभ्या राहिल्या" ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे पोचली. संध्याकाळी दारात माणसं. एकाला रस्त्यावरचा दिवा हवा होता, दुसऱ्याला गटार दुरुस्त करून हवं होतं. न्हाव्याने मला बाजूला घेऊन, नवरा-बायको एकमेकांविरुद्ध उभे म्हणजे वेगळे होताय का, असं हळूच विचारलं. आईने तर जेवताना सरळ सांगितलं की काय ते ठरवा, मी सुनेकडे राहणार.

बायको त्या रात्री माझ्याशी एकच वाक्य बोलली. "निदान दुसरा फोटो तरी लावायचा."

दुसऱ्या दिवशी खऱ्या उमेदवारांची माणसं मॅडमकडे धडकली. एक टोपीवाले, एक गॉगलवाले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं एकाच बाकावर बसून सांगत होते की संस्था आपला उमेदवार पुढे करते आहे, आम्ही वर तक्रार करणार. मॅडमनी त्यांना रविवारी हॉलमध्ये येऊन सगळं डोळ्यांनी बघायची विनंती केली. मग माझ्याकडे बघितलं. इंजेक्शन कुठे द्यायचं हे ठरवताना नर्स बघते ना, तसं.

रविवारी हॉल तुडुंब भरला. जे लोक फुकट चष्मा न्यायलाही येत नाहीत, तेसुद्धा नवऱ्याची फजिती बघायला आले होते. मी मतपत्रिका कशी उघडायची, शिक्का कुठे मारायचा, घडी कशी घालायची हे सांगत होतो आणि माझं कुणीही ऐकत नव्हतं. तेवढ्यात गॉगलवाल्यांनी उठून बायकोला विचारलं, वहिनी, खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने? टोपीवालेही मान पुढे काढून बसले. मॅडमनी डोळे मिटले. माझी नोकरी तेव्हा बायकोच्या जिभेवर होती, आणि ती जीभ माझ्यावर रागावलेली होती.

बायको शांतपणे उभी राहिली.

"तुम्हा दोघांच्याही पँटी माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "मी त्या मापात बसवून देते. त्या घालून कुणाच्या दारी जायचं, हे मी कधी विचारलंय? ही संस्था तेवढंच करते. नीट चालता यावं एवढं बघते. कुठे जायचं ते ज्याचं त्याने ठरवावं."

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

"आणि तक्रार करायची असेल तर करा," ती पुढे म्हणाली. "पँटी मात्र निवडणूक झाल्यावर मिळतील."

तक्रार तिथेच मिटली. दोघांनी रांगेत उभं राहून सराव केला, एकमेकांना शिक्का कसा धरायचा ते दाखवलं. म्हाताऱ्यांचीही भीड चेपली. एक आजी तर, एवढंच असतं होय, असं म्हणून परत रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या महिन्यात तुमचं कायम करण्याचं बघू म्हणाल्या.

मग मोजणी. मॅडम एकेक मतपत्रिका उघडून मोठ्याने सांगत होत्या: वहिनी. वहिनी. वहिनी. मी हसऱ्या चेहऱ्याने उभा होतो. माझं स्वतःचं मतही वहिनींनाच होतं (शिक्का मारताना त्या मागे उभ्या होत्या). पेटी रिकामी होत आली आणि मॅडम थांबल्या. हातातल्या मतपत्रिकेवर शिक्का माझ्या फोटोवर होता.

माझा ऊर भरून आला. एवढ्या गर्दीत कुणीतरी एक माणूस माझ्या बाजूने उभं राहिलं होतं. मी बायकोकडे बघितलं, तिने मान हलवली. आईकडे बघितलं, ती छताकडे बघायला लागली. मत गुप्त असतं हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं, तरी मला राहवेना. मी म्हणालो, ज्यांनी कुणी हे मत दिलं त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

"हे मोजायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "सकाळी शाई नीट उमटते का ते मी बघत होते. निकालात गोंधळ नको, म्हणून ज्याला कुणी मत देणार नाही त्याच्यावर मारला शिक्का."